लिडेल-स्कॉटचा मोठा ग्रीक कोश : एका तपासनिसाचा शेरा

आधी वजन सांगतो, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. साधारण चार किलो. आमच्याकडे वडिलांच्या वेळचं घडीचं लाकडी व्यासपीठ आहे, त्यावर ज्ञानेश्वरीचं पारायण व्हायचं. कोश आला त्या दिवशी मोठ्या हौसेनं त्यावर ठेवला, उघडला, आणि चौथ्या की पाचव्या शब्दाला व्यासपीठाचा मधला सांधाच निखळला. हिनं आतून विचारलं, "काय पडलं?" म्हटलं, "ग्रीस." तेव्हापासून कोश चौरंगावर असतो, आणि गणपतीत चौरंग लागतो तेव्हा दहा दिवस माझ्या पलंगावर.

माझी ओळख एवढीच की मी बँकेच्या तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली. शाखेत जायचं, कीर्द उघडायची, प्रत्येक रकमेसमोर व्हाउचर आहे का बघायचं, असेल तर हिरवी टिक, नसेल तर शेरा. शाळेत संस्कृत होतं, ते आवडायचं. निवृत्त झाल्यावर मुलीनं संगणकावरचा ग्रीकचा वर्ग लावून दिला. आठवड्याला एक तास. सध्या प्लेटोनं लिहिलेलं सॉक्रेटिसचं कोर्टातलं भाषण वाचतोय, तासाला दहा-बारा ओळी या वेगानं. एक मात्र सांगतो, मराठी माणसाला ग्रीक उच्चार इंग्रजांपेक्षा सोपे पडतात. ख, थ, फ हे जुन्या ग्रीकमध्ये आपल्यासारखेच महाप्राण होते. प्सुखे म्हणजे प्राण, त्यातला ख इंग्रज माणूस क करून टाकतो. आपण बिनधास्त ख म्हणायचं.

या ग्रीक-इंग्रजी कोशाची तीन मापं मिळतात. छोटा, मधला, मोठा. मी सगळे नवशिके करतात ती चूक केली आणि मधला घेतला. स्वस्त, हलका, व्यासपीठावर बसणारा. पण तो १८८९ सालचा. तेव्हाच्या मोठ्या आवृत्तीवरून संक्षेप करून काढला, आणि आजही जवळपास तसाच छापला जातो. १८८९ ही तारीख किती वाईट आहे हे मला नंतर कळलं. १८९१ मध्ये ब्रिटिश म्युझियमनं इजिप्तहून आलेल्या एका पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाच्या, गुंडाळ्या वाचून छापल्या, त्यात अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ निघाला. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावानं ओळखला जातो तो. पुढे १८९७ पासून इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस या जुन्या गावाच्या उकिरड्यांतून पावत्या, पत्रं, करारनामे, तक्रारअर्ज असं रोजच्या ग्रीकचं घबाड निघत राहिलं. मधल्या कोशाच्या संपादकांना यातलं काही दिसणंच शक्य नव्हतं.

त्या राज्यव्यवस्थेच्या पपायरसबद्दल थोडं विषयांतर. ग्रंथ कागदाच्या पाठीमागच्या बाजूला लिहिलाय. पुढच्या बाजूला काय आहे? इसवी सन ७८-७९ मधला एका शेतमळ्याचा जमाखर्च. हिशोबाचे जुने कागद कुणीतरी उलटे करून वापरले, म्हणून अथेन्सची राज्यघटना आपल्यापर्यंत पोचली. बँकेत जुन्या कीर्दी रद्दीत घालायच्या यादीवर मीही सह्या केल्यात. त्यांच्या पाठीमागे कुणी काय लिहिलं असेल, देव जाणे.

तर मोठा कोश. जुना, वापरलेला घेतला, विकणाऱ्यानं "उत्तम स्थितीत" लिहिलं होतं. सिग्मा अक्षराची आठ पानं सुटी होती आणि पुठ्ठ्याला ओल लागलेली. डिंक आणि कापडी पट्टी लावून मी ते निस्तरलं. नवा घेणाऱ्यांनीही बांधणीवर भरवसा ठेवू नये. दोन हजारांवर पानं एका पुठ्ठ्यात कोंबली की मधोमध उघडताना पाठ कुरकुरणारच. अक्षर बारीक, दोन रकाने, ग्रंथकारांची नावं एका-दोन अक्षरांत. पहिला महिना मी सारखा पुढच्या पानांवरची संक्षेपांची यादीच चाळत होतो. त्या यादीची झेरॉक्स काढून कोशात ठेवा, एवढी एक टीप फुकट.

इतिहास थोडक्यात. हेन्री जॉर्ज लिडेल आणि रॉबर्ट स्कॉट, दोघे ऑक्सफर्डचे, दोघांचा जन्म १८११ चा. पहिली आवृत्ती १८४३, म्हणजे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ चा, यांच्याआधी बारा वर्षं. लिडेल पुढे आवृत्त्या काढतच राहिला. आठवी १८९७ ची, आणि १८९८ मध्ये तो गेला. नववी आवृत्ती हेन्री स्टुअर्ट जोन्स आणि रॉडरिक मॅकेन्झी यांनी केली. १९२५ पासून भागाभागानं निघाली, शेवटचा भाग १९४० मध्ये आला तेव्हा दोघंही हयात नव्हते. आज जो मोठा कोश मिळतो तो हाच, पाठीमागे १९९६ ची पुरवणी जोडलेली. ती पुरवणी मूळ मजकुरात मिसळलेली नाही, म्हणून प्रत्येक शब्द दोनदा बघायचा. मी आधी आळस केला, मग सर वर्गात म्हणाले, "पुरवणी पाहिलीत का, काका?" तेव्हापासून बघतो. १९४० मध्ये ग्रीसमधल्या मायसीनी काळच्या मातीच्या पाट्यांवरची लिपी कुणाला वाचता येत नव्हती. ती मायकेल व्हेंट्रिसनं १९५२ मध्ये सोडवली आणि होमरच्या काही शतकं आधीचं ग्रीक हाती आलं. राजाला होमर अनाक्स म्हणतो; पाट्यांवर वानाका आहे, सुरुवातीचा 'व' शाबूत असलेला. हा माल पुरवणीतच.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय तो शब्द. लोगोस.

मी उघडलं तेव्हा डोक्यात होतं ते पुस्तकी: शब्द, विवेक, बायबलमधलं "आरंभी शब्द होता". कोशानं अर्थांचे रोमन आकड्यांत दहा गट पाडलेत. पहिला गट काय? गणना, हिशोब. त्यातला पहिला पोटअर्थ काय? हाताळलेल्या पैशाचा हिशोब! मी खुर्चीत सरळ बसलो. आणि त्यासमोरचं पहिलं व्हाउचर, म्हणजे पुराव्यादाखल दिलेली मूळ जागा, अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवरच्या एरेख्थेइऑन मंदिराच्या बांधकाम खर्चाचा शिलालेख, इसवी सनपूर्व ४०८-७ मधला. मूळ लेख शोधून काढला. नोंद अशी आहे: दोन फळ्या, ज्यांवर आम्ही हिशोब लिहितो, प्रत्येकी एक द्राख्मा, एकूण दोन. म्हणजे स्टेशनरी खर्च! ज्या शब्दावर तत्त्वज्ञानाच्या ढीगभर प्रबंधांची इमारत उभी आहे, त्याच्या नोंदीत पहिलं बिल स्टेशनरीचं. मला शाखेतला तो शिपाई आठवला, जो टाचण्यांच्या डबीचंही बिल चिकटवायचा.

त्यापुढे इतिहासकार हेरोडोटस, तिसरं पुस्तक, १४२ वं प्रकरण. तेही काढून वाचलं. सामोस बेटाचा जुलमी राजा पॉलिक्रातीस मारला गेला, सत्ता त्याच्या चिटणीसाच्या, मायांद्रिओसच्या हाती आली. हा लोकांना जमवून मोठं भाषण करतो: मी सत्ता सोडतो, सगळे समान. गर्दीतून तेलेसार्खोस नावाचा माणूस उठतो आणि म्हणतो, तुझी राज्य करायची लायकीच नाही. त्यापेक्षा जो पैसा हाताळलास त्याचा लोगोस दे. भाषणाला भाषणानं उत्तर नाही. हिशोब दे. मायांद्रिओसनं काय केलं? सत्ता सोडायचा बेत रद्द केला, आणि हिशोब दाखवायच्या निमित्तानं एकेकाला आत बोलावून बेड्या ठोकल्या. तपासणी खात्यातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

या एका नोंदीनं मी आठवडाभर दुसरीकडे गेलो नाही. लोगिस्तेस म्हणजे हिशोब तपासणारे. अथेन्समध्ये अधिकाऱ्यांची मुदत संपली की दहा लोगिस्तेस बसून प्रत्येकाचे हिशोब बघत. वक्ता आयस्खिनेस सांगतो की पुजारी आणि पुजारिणीही यातून सुटत नसत. आणि ज्यानं पैशाला हातच लावला नाही त्यालाही लिहून द्यावं लागे: शहराचं मी काही घेतलं नाही, काही खर्चलं नाही. निरंक अहवाल! चोवीसशे वर्षांपूर्वी! माझ्या नोकरीत दर तिमाहीला निरंक अहवाल न पाठवणाऱ्या शाखांना मी स्मरणपत्रं लिहिली आहेत.

मग खाली चौथा गट: जिवाचा आतल्या आत चाललेला वाद, म्हणजे विचार. प्लेटो म्हणतो की विचार आणि लोगोस एकच. आवाजाशिवाय जिवानं स्वतःशी केलेलं बोलणं म्हणजे विचार. हिशोब देण्यापासून स्वतःला जाब देण्यापर्यंत हा शब्द कसा आला, हे मला त्या नोंदीत ओळीनं दिसलं. असं वाटलं.

कारण इथेच माझी जुनी खोड आडवी आली. नोंदी तारखेप्रमाणे आहेत का? होमर सगळ्यांत जुना, मग त्याचं व्हाउचर कुठे? होमरच्या दोन्ही महाकाव्यांत मिळून लोगोस दोनदाच येतो, आणि दोन्हीकडे अर्थ साधा बोलणं, मन रमवायला केलेल्या गप्पा. ते व्हाउचर कोशानं सहाव्या गटात लावलंय. म्हणजे ही क्रमवारी काळाची नाही, संपादकांच्या समजुतीची. लोगोसचं मूळ लेगेइन, त्याचा जुना अर्थ वेचणे. वेचण्यातून मोजणे, मोजण्यातून सांगणे, असा त्यांनी जिना बांधला आणि त्यावर अर्थ चढवले. जिना खोटा नाही. आपल्याकडेही वेचणं म्हणजे फुलं वेचणं आणि आयुष्य वेचणं. पण जो अर्थ मला पहिला म्हणून एवढा भावला, तो कागदोपत्री पहिला नाही. दोन दिवस मी जरा नाराज होतो. ही म्हणाली, "तुमचा काय तोटा झाला त्यात?"

या कोशाची ताकद आणि खोट दोन्ही व्हाउचरांतच आहेत. प्रत्येक अर्थासमोर ग्रंथकार, पुस्तक, ओळ. इंग्रजी अर्थावर विश्वास ठेवू नका, मूळ जागा काढून वाचा, असं सर पहिल्या दिवशी म्हणाले होते ते आता पटलं. पण सगळी व्हाउचरं यांनी स्वतः तपासलेली नाहीत. पहिली आवृत्ती फ्रान्झ पासोवच्या जर्मन कोशावर उभी होती, तसं मुखपृष्ठावरच छापलं होतं. पासोवचा कोश त्याच्याआधीच्या श्नायडरवर उभा. चौथ्या आवृत्तीपासून पासोवचं नाव मुखपृष्ठावरून गेलं, पण शिल्लक तर पुढे ओढलेलीच राहिली. "मागील पानावरून पुढे" ही रक्कम तपासनिसाला सगळ्यांत जास्त खुपते, कारण मागचं पान कुणी पाहिलेलं नसतं. जर्मन अर्थाचं इंग्रजी झालं, इंग्रजी अर्थ आवृत्ती दर आवृत्ती तसाच चालला. जोन्सनं शिलालेख आणि पपायरस भरपूर घातले, जमेची बाजू वाढवली. जुनी बाकी मात्र मुळापासून पुन्हा मांडली नाही.

ते काम केंब्रिजवाल्यांनी केलं. व्हेंट्रिसचा जोडीदार जॉन चॅडविक यानं १९९७ मध्ये सुचवलं की तो १८८९ चा मधला कोश दुरुस्त करावा, पाचेक वर्षांत होईल. लोकांनी दुरुस्ती करायला घेतली आणि लक्षात आलं की पाया खणल्याशिवाय भागत नाही. चॅडविक १९९८ मध्ये गेला. जेम्स डिगल यांच्या हाताखाली सगळे ग्रंथ नव्यानं वाचून, २०२१ मध्ये दोन खंड निघाले, सुमारे ३७ हजार शब्द. मुलीनं हे दोन खंड आणले, तेव्हा हातातल्या पिशवीचा बंद तुटला.

वाचायला हा केंब्रिजचा नवा कोश फार सुखाचा. मोठं अक्षर, मोकळी पानं, आणि अर्थाआधी एक वाक्य की हा शब्द कोणत्या प्रसंगी येतो. आणि लाज सोडलेली. लिडेल-स्कॉट म्हणजे व्हिक्टोरियन घरातली माणसं. अरिस्तोफानेसच्या नाटकात कुणी शौचाला बसलं की यांचा अर्थ "परसाकडे जाणे" छापाचा, आणि त्याहून नाजूक काही आलं की इंग्रजी सोडून सरळ लॅटिनमध्ये शिरतात. केंब्रिजवाले ह वरून सुरू होणारं क्रियापद जसंच्या तसं छापतात. मला स्वतःला परसाकडेवाले आवडतात, पण नाटक वाचताना हशा कशाला आहे ते समजायला हवं असेल तर नवीन बरा.

पण, आणि हा पण माझ्यासाठी मोठा आहे, त्यात व्हाउचर नंबर नाही. अर्थासमोर ग्रंथकाराचं नाव आहे, जागा नाही. प्लेटो म्हणाला. अहो, पण कुठे? पार्टीचं नाव आहे, तारीख नाही, पान नाही. मी टिक कशावर मारू? यांनी सगळं स्वतः तपासलंय याची मला खात्री आहे, आणि तरी मला दाखवलं नाही म्हणून चैन पडत नाही. जुन्यात न तपासलेली व्हाउचरं जोडलेली, नव्यात तपासून झालेली व्हाउचरं फाइलमधून काढून घेतलेली. दोन्ही शेजारी ठेवून काम करतो झालं.

संस्कृतवाल्यांची एक तक्रार ठरलेली असणार: व्युत्पत्ती कुठाय? मोठ्या कोशात ती जाणूनबुजून अगदी कमी ठेवली आहे. थुमोस, म्हणजे छातीत उसळणारा तो आवेग, राग, धीर सगळं, हा आपल्या धूमाचा सख्खा भाऊ. संस्कृतचा ध ग्रीकमध्ये थ होतो. ओइदा म्हणजे मला माहीत आहे, मूळ अर्थ मी पाहिलंय. आणि आपला वेद, "मी जाणतो" हे रूप, अगदी तेच, फक्त ग्रीकनं सुरुवातीचा व गिळला. होमरचं क्लेओस अफ्थितोन आणि ऋग्वेदातलं श्रवः अक्षितम्, न झिजणारी कीर्ती, ही जोडी तर १८५३ मध्येच आडालबर्ट कून या जर्मन भाषापंडितानं लावून दिलेली. हे बघायचं तर बेकेसचा वेगळा व्युत्पत्तिकोश, तोही दोन खंड. चौरंग आणखी एक लागेल.

आणि एक धोका. सोमा हा शब्द बघा, शरीर. कोश सुरुवातीलाच बजावतो की होमरमध्ये हा नेहमी प्रेताला वापरलाय, आणि हे अलेक्झांड्रियाच्या अरिस्तार्खोस या प्राचीन पंडितानं तेव्हाच टिपलं होतं. एवढ्याशा टिपेपासून निघून ब्रूनो स्नेल या जर्मन पंडितानं १९४६ मध्ये मांडलं की होमरच्या माणसाला सलग शरीराची आणि सलग मनाची कल्पनाच नव्हती. हातपाय होते, थुमोस होता, नोओस म्हणजे समज होती, प्सुखे मरताना निघून जायची, पण "मी" असा एक जमलेला नव्हता. वाचताना अंगावर काटा येतो. पण खातं उघडलेलं नाही म्हणून तिजोरीत पैसा नाही, असा शेरा मी कधी मारला नसता. इंग्रजीत भावंड या अर्थाचा साधा घरगुती शब्द नाही. म्हणून इंग्रजांना भावंडं नसतात का? इंग्रज तत्त्वज्ञ बर्नर्ड विल्यम्सनं १९९३ मध्ये स्नेलचा असाच समाचार घेतला. स्नेलच्या बाजूनं एवढं मात्र म्हणायला हवं की त्यानं हँबुर्गला होमर-हेसिओडच्या एकेका शब्दाच्या एकूण एक जागा तपासणारा कोश सुरू केला. १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच सुरुवात, २०१० मध्ये शेवटचा भाग. त्या माणसानं सिद्धांत जरा ताणला असेल, पण व्हाउचरं ठेवली.

गेल्या आठवड्यात सॉक्रेटिसचं ते वाक्य आलं. शिक्षा ठरल्यावर तो न्याय करणाऱ्यांना म्हणतो, आपल्या जगण्याचा एलेंखोस द्यावा लागू नये म्हणून तुम्ही मला मारताय. कोश काढला. एलेंखोस पुल्लिंगी: तपासणी, उलटतपासणी. त्याच्या वरच एलेंखोस नपुंसकलिंगी, होमरमधला: बेअब्रू. एकच शब्द, लिंग बदललं की तपासणीची बेअब्रू. मी सरांना म्हटलं, शाखा व्यवस्थापकांना हे ग्रीक न शिकताच माहीत होतं.

फोनवर हे सगळं फुकट मिळतं, हेही सांगायला हवं. शिकागो विद्यापीठाचं लोगेइऑन नावाचं साधन आहे, त्यात मोठा कोश आणि इतर कितीतरी कोश एकाखाली एक दिसतात. शब्द टाका, काम झालं. मी प्रवासात तेच वापरतो. पण फोनवर शेजारचा शब्द दिसत नाही, आणि नपुंसकलिंगी एलेंखोस मला शेजारी होता म्हणून दिसला.

माझं मत: पहिल्या वर्षी काही घेऊ नका, फोन पुरे. दुसऱ्या वर्षीही ग्रीक टिकलं तर केंब्रिजचे दोन खंड. मोठा लिडेल-स्कॉट त्यानंतर, आणि तोही "मला कुठे लिहिलंय ते दाखव" असं म्हणायची सवय असेल तरच. मधला १८८९ चा कुणी भेट दिला तर घ्या, विकत नको. पाचपैकी चार तारे. एक तारा पुरवणी वेगळी ठेवल्याबद्दल कापला. वापरलेला घेत असाल तर विकणाऱ्याकडून सिग्माच्या पानांचा फोटो आधी मागवा.

व्यासपीठ सुताराकडे दिलंय. त्यानं विचारलं, यावर काय ठेवता? मी म्हटलं, ज्ञानेश्वरी. खोटं बोललो.